रिकामी गव्हाण

राष्ट्रीय कला संग्रहालयाला दार नाही, असं आग्नेस टीचर ती इमारत उभी राहिल्यापासून म्हणत आल्या होत्या. दार होतं. पण ते जमिनीखाली होतं आणि तिथे पोचायला खाजणातून एक लांबलचक उतार उतरावा लागे. ज्या जमिनीत फूटभर खणलं की खारं पाणी लागतं, तिथे माणसांना खाली उतरवून आत न्यायचं ज्याला सुचलं, त्या वास्तुकाराला दिल्लीत मोठं पारितोषिक मिळालं होतं. पाणी उपसणारे पंप सतत चालू असत. त्यांची घरघर भिंतींतून ऐकू येई, आणि ती एखादी कलाकृतीच असावी असं समजून काही पाहुणे डोळे मिटून उभे राहत.

वरून पाहिलं तर इमारत म्हणजे एका बाजूला कललेलं गंजक्या पोलादाचं भलंमोठं कवच. किनाऱ्यावर येऊन थिजलेली लाट आहे ती, असं वास्तुकार मुलाखतींत सांगे. वर्तमानपत्रांत दोन वर्षं वाद चालला. देशाला अखेर आपल्या काळाची वास्तू मिळाली, असं एक बाजू म्हणे. चित्रं टांगायला एकही सरळ भिंत नसलेलं संग्रहालय काय करायचं, असं दुसरी बाजू विचारी. गास गावाने या वादात भाग घेतला नाही. गावाने इमारतीला ‘पालथं घमेलं’ म्हटलं आणि विषय संपवला. गंज मुद्दाम ठेवलेला आहे, त्याचा थरच पोलादाला राखतो, अशी पाटी उताराच्या तोंडाशी लावली होती. खाऱ्या वाऱ्याने ती वाचलेली दिसत नव्हती. गंज वाढतच गेला, आणि मग पहिल्या पाटीखाली दुसरी लागली : कृपया भिंतीला टेकू नये.

चोवीस डिसेंबरच्या दुपारी आग्नेस टीचर त्या दोन पाट्यांसमोर उभ्या होत्या. हातात झाकणाची वेताची टोपली, टोपलीत मऊ कापडात गुंडाळलेलं लाकडी बाळ येशू. मागे दोन टेम्पो भरून आलेलं गाव.

गासमध्ये नाताळचा गोठा डिसेंबरच्या सुरुवातीलाच उभा राहतो. मारिया, योसेफ, मेंढपाळ, गुरं, सगळी आधी मांडतात. गव्हाण मात्र रिकामी ठेवतात. बाळ चोवीस तारखेलाच ठेवायचं. पूर्वी ते चर्चमधल्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर, मिस्सेनंतर, ठेवत. रात्री भोंगे लावायचे नाहीत असा नियम आल्यापासून मिस्सा संध्याकाळी सातला होते, तेव्हा जेवणवेळेच्या आत बाळ गव्हाणीत असतं. ठेवायचा मान ज्याने गोठा बांधला त्याचा. गेली अनेक वर्षं हा मान टीचरांच्या धाकट्या भावाचा, आग्नेल डाबरेचा होता.

आग्नेल वालीवच्या एका कारखान्यात सुपरवायझर. हात चांगला, आणि आपला हात चांगला आहे हे त्याला कोणी आठवण करून द्यायची गरज पडत नसे. यंदा संग्रहालयाने ‘किनारपट्टीची लोककला’ म्हणून प्रदर्शन काढलं आणि गोठा मागायला माणसं पाठवली. आग्नेल हो म्हणून मोकळा झाला. गावच्या क्रुसासमोरच्या नेहमीच्या जागेवर यंदा काहीच नाही म्हटल्यावर गाव चिडलं. सभा झाली. त्या सभेत टीचर उठून म्हणाल्या होत्या, ‘‘गोठा तिकडे असला तरी बाळ आपणच ठेवू. सगळे मिळून जाऊ. आग्नेलने तसं कबूल केलंय, आणि त्याचा शब्द तो माझा शब्द.’’ गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शुद्धलेखन शिकली होती. सभा तिथेच उठली. संग्रहालय सहाला बंद होतं आणि पंचवीसला उघडत नाही, म्हणून मिस्सेआधीच बाळ ठेवायची सवलत फादरांनीही दिली.

आता तो शब्द टोपलीत घालून टीचर उतार उतरू लागल्या.

दाराशी सामान तपासायचं यंत्र होतं. ‘‘टोपली पट्ट्यावर ठेवा,’’ पहारेकरी म्हणाला. त्याच्या छातीवर जयवंत अशी नावाची पट्टी होती. माणूस मूळचा कणकवलीचा, राहायला विरारला.

‘‘बाळाला मशीनमदी घालू?’’ ज्युली मावशी पुढे झाली. ज्युली मावशी टीचरांची शेजारीण. दोन म्हशी आणि एक सडेतोड जीभ एवढ्या भांडवलावर तिने संसार केला होता. ‘‘अरे, अजून जन्मलं पन नाय ते!’’

‘‘मावशी, मशीन कोणालाच सोडत नाही. परवा मोठे साहेब आले, त्यांचा डबासुद्धा आत घातला.’’

‘‘डब्यात काय होतं?’’

‘‘काही नव्हतं. जेवून झालं होतं त्यांचं.’’

‘‘मग शोभतं. इथं सगळं रिकामंच हाय.’’

टोपली पट्ट्यावरून आत गेली. पडद्यावर वेताच्या जाळीत पाय दुमडलेलं बाळ नारिंगी रंगात दिसलं. रांगेतल्या बायकांनी कपाळाला, छातीला हात नेत क्रुसाची खूण केली. जयवंतने पट्टा थांबवला, वरिष्ठ कोणी बघत नाही ना हे पाहिलं, हात जोडले आणि पट्टा पुन्हा सुरू केला.

आत एवढी थंडी होती की म्हाताऱ्यांनी पदर कानावर घेतले. भिंती कललेल्या असल्यामुळे चित्रं छतापासून तारांनी सोडलेली होती आणि गार वाऱ्याच्या झोताने सावकाश झुलत होती. एका समुद्रकिनाऱ्याच्या चित्रासमोर पाचूबंदरचा एक कोळी जावई उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा त्याला बोट लागल्यासारखं झालं. पुढे एक रुंद जिना वर जाऊन कोऱ्या भिंतीशी थांबत होता. ‘चिंतनासाठी’, असं खाली लिहिलेलं. दोन मुलं वर जाऊन चिंतन न करताच परत आली. स्वच्छतागृहाची पाटी कुठेच नव्हती. पाट्यांनी भिंतीची शुद्धता बिघडते, असं वास्तुकाराचं मत होतं. त्यामुळे वाट माणसाला विचारावी लागे, आणि माणूस सापडत नसे.

‘‘टीचर, एवढ्या जागेत आपलं आख्खं गाव बसेल,’’ कोणीतरी मागून म्हणालं.

‘‘बसेल. पण वाकडं बसेल,’’ टीचर म्हणाल्या.

टीचरांना कलेचं वावडं नव्हतं. शाळेच्या सहली त्यांनी मुंबईच्या प्रदर्शनांना नेल्या होत्या, आणि ज्या चित्रासमोर गप्प व्हावं त्या चित्रासमोर त्या गप्पही होत. त्यांना चीड होती ती वेगळ्याच गोष्टीची. जे समजावून सांगता येत नाही ते उंच आवाजात सांगणारे लोक त्यांनी मास्तरकीत बरेच पाहिले होते. इथे आवाज उंच नव्हता, छत उंच होतं. बाकी फरक नव्हता.

गोठा शेवटच्या दालनात होता. गाव आत शिरलं आणि थबकलं.

आग्नेलने इथे आणून बांधला तेव्हा तो गोठाच होता, हे गावाने मोबाइलवर पाहिलं होतं. झावळ्यांची घरं, मोटरीवर फिरणारा रहाट, आरशाऐवजी खऱ्या पाण्याचं बावखल म्हणजे गावतळं, वर पळणारा तारा, थर्माकोलचा बर्फसुद्धा. गासमध्ये कधी बर्फ पडला नाही, पण गोठ्यात तो दरवर्षी पडतो. आता त्यातलं काहीच नव्हतं. दिवे काढले होते. मोटर काढली होती. मग मेंढ्या गेल्या, मग तीन राजे, आणि कधीतरी मारिया आणि योसेफही गेले होते. पांढऱ्याफटक प्रकाशात चार बांबू, पेंढा, आणि मधोमध रिकामी गव्हाण. भोवती दोरी.

‘‘घर खाली करून घेतलं वाटतं,’’ ज्युली मावशी म्हणाली. ‘‘भाडं थकलं असंल.’’

टीचरांनी चष्मा नाकावर सरकवून शेजारची पाटी वाचली. वर नाव : ‘अभाव, ३’. खाली : बांबू, भाताचा पेंढा, पुठ्ठा, माती. त्याखाली आग्नेल डाबरे, गास. आणि मग : ‘रिकामी गव्हाण हा या कृतीचा केंद्रबिंदू होय. जन्म नाकारणाऱ्या काळाला कलाकार येथे पाठमोरा करतो.’

‘‘पाठमोरा करतो म्हणजे काय करतो?’’ टीचरांनी विचारलं.

उत्तर द्यायला संपदा मॅडम आल्या. प्रदर्शन त्यांनीच मांडलं होतं. पुण्याच्या, तिशीतल्या, हातमागाची साडी, बोलणं अत्यंत मऊ. त्यांच्या मागे आग्नेल होता. काळा बंद गळ्याचा कोट त्याने कधी शिवला हे टीचरांना माहीत नव्हतं. एका घरात राहूनही नव्हतं.

‘‘तुम्ही सगळे आलात, किती छान वाटलं,’’ संपदा मॅडम म्हणाल्या.

‘‘अभाव एक आणि दोन कुठे आहेत?’’

‘‘ते नाहीयेत, टीचर. तीच तर गंमत आहे.’’

‘‘बरं. आम्ही बाळ आणलंय. ठेवतो आणि निघतो. सातला मिस्सा आहे.’’ टीचरांनी टोपलीचं झाकण काढलं.

संपदा मॅडमनी आत पाहिलं. चेहऱ्यावरचा आनंद खराखुरा होता, आणि त्याच्या मागोमाग आलेली अडचणही. ‘‘काय सुंदर आहे हो! पण... असं ठेवता नाही येणार. ही कृती आता संग्रहात दाखल झालीय. तिच्यात काही घालायचं म्हणजे ती बदलणं झालं.’’

‘‘ती अपुरी आहे. आम्ही पुरी करतोय.’’

‘‘तिचं अपुरेपणच लोकांना भिडलंय, टीचर. लोक इथे उभे राहून रडलेत. मी तुमच्या भावना समजू शकते...’’

‘‘भावना नाहीत, बाई. वेळापत्रक आहे. बाळ चोवीसला ठेवतात, म्हणून तोवर गव्हाण रिकामी असते. यात कोणी काळाला पाठमोरा करत नाही.’’

गाव हसलं. संपदा मॅडम हसल्या नाहीत. त्या खरंच गोंधळल्या होत्या. त्या आग्नेलकडे वळल्या. ‘‘सर, मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं ना, गव्हाण रिकामी का? तुम्ही म्हणालात, ती वाट बघतेय.’’

‘‘हां, मग? चोवीसची!’’ आग्नेलची मुलगी प्रीतल मध्येच बोलली. ती कॉलेजात होती आणि बापाशी एकेरीत बोलत होती. ‘‘पप्पा, तू सांगितलं नाहीस यांना? सीरियसली?’’

आग्नेल कोटाच्या बाहीवरून हात फिरवत राहिला. तिथे गंजाचा डाग पडला होता.

त्याच वेळी दालनाच्या दुसऱ्या टोकाने संचालक आले. सोबत दोन परदेशी पाहुणे. संचालकांनी दुरूनच आग्नेलकडे बोट करून काहीतरी सांगितलं, आणि पाहुण्यांनी त्याला वाकून नमस्कार केला. वालीवच्या कारखान्यात आग्नेलला आजवर कोणी वाकून नमस्कार केला नव्हता. तिथे लोक वाकत ते मशीनमध्ये अडकलेला पत्रा काढायला.

‘‘मे महिन्यात ही कृती इटलीला चाललीय,’’ संपदा मॅडमनी हळू आवाजात टीचरांना सांगितलं. ‘‘सरांनाही बोलावलंय.’’

‘‘इटलीला?’’ ज्युली मावशीचा आवाज मात्र हळू नव्हता. ‘‘पोपसाहेबांच्या दारात रिकामी गव्हान नेनार? आनि विचारलं त्यांनी, बाळ कुठं, तर काय सांगनार? अभाव तीन?’’

संपदा मॅडम सरळ म्हणाल्या, ‘‘टीचर, नियम असा आहे की कलाकाराची इच्छा शेवटची. त्यांनी आत्ता म्हटलं बाळ ठेवा, तर मी स्वतः दोरी काढते. पाटीही बदलते. संचालकांशी काय ते मी बघेन.’’

ही बाई निदान सरळ आहे, असं टीचरांच्या मनात आलं, आणि त्यांना ते आवडलं नाही. लबाड असती तर काम सोपं झालं असतं. आता सगळं आग्नेलवर आलं.

सगळे त्याच्याकडे बघत होते. गाव एका बाजूला, संचालक आणि पाहुणे दुसऱ्या बाजूला, मधे चार बांबू. कोणीतरी फोन वर धरला होता. टीचरांनी टोपली त्याच्यापुढे केली, दरवर्षी करत तशीच. आग्नेलने टोपलीत पाहिलं. मग पाटीवरच्या आपल्या नावाकडे पाहिलं. ते तीन भाषांत होतं.

‘‘बाय,’’ तो थोरल्या बहिणीला म्हणाला, ‘‘हे आता नुसतं आपल्या गावाचं नाही राहिलं.’’

‘‘मी गावाचं नाही विचारत. ठेवतोस का?’’

‘‘आपल्याकडे दरवर्षी ठेवतोच ना. एक वर्ष... म्हणजे, लोक येतात, उभे राहतात. त्यांना काहीतरी दिसतं त्यात. मलाही आता दिसायला लागलंय.’’

‘‘काय दिसतं?’’

आग्नेलने हाताने हवेत काहीतरी गोल केलं. पाहुण्यांपैकी एकाने तो गोलही मान हलवून मान्य केला.

‘‘असू दे तसंच,’’ आग्नेल म्हणाला.

प्रीतलने तोंड फिरवलं. मागे कोणीतरी ‘शब्द दिला होता टीचरनी’ एवढंच म्हणालं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. टीचरांना तर सगळ्यात आधी. चाळीस वर्षं ज्यांनी ‘टीचरनी सांगितलंय’ म्हणून ऐकलं, त्यांच्या डोळ्यांदेखत टीचरांचा शब्द त्या दालनात पडला होता आणि उचलायला कोणी नव्हतं.

हाताबाहेर गेलेल्या पोरावर त्या शाळेतही आवाज वाया घालवत नसत. त्यांनी झाकण लावलं, संपदा मॅडमना ‘येतो आम्ही’ म्हटलं, आणि वळल्या. गाव त्यांच्या मागे निघालं. संचालक पाहुण्यांना काय समजावून सांगत होते कोण जाणे. पण पाहुण्यांनी ही मिरवणूकही फार मनापासून पाहिली.

उतार चढताना सगळ्यांनाच दम लागला. वर आल्यावर टीचर टेम्पोच्या फाळक्याला धरून उभ्या राहिल्या.

‘‘आता वो?’’ ज्युली मावशीने विचारलं. ‘‘बाळ काय टोपलीतच ठेवायचं? मिस्सेला तास-दीड तास हाय. चार काठ्या उभ्या करायच्या तर बांबू पन नाय, सगळा त्याने त्या घमेल्यात नेला.’’

‘‘बांबू नको,’’ टीचर म्हणाल्या. ‘‘ज्युली, तुझ्या म्हशी कशात खातात?’’

‘‘म्हशी? गव्हानीत खातात, आनखी कशात?’’ आणि मग ज्युली मावशीने कपाळावर हात मारला. ‘‘अगो बाय माझे!’’

इतकी वर्षं आग्नेल पुठ्ठ्याला रंग देऊन, त्यावर लाकडाच्या रेषा ओढून गव्हाण करत होता, आणि गाव ‘अगदी खरी वाटते’ म्हणून त्याची वाहवा करत होतं. खरी गव्हाण क्रुसापासून हाकेच्या अंतरावर होती, आणि ती मागावी असं कोणाला सुचलं नव्हतं. टीचरांनाही नाही.

‘‘पन धुवायला लागंल. शेन हाय, चाटून चाटून गुळगुळीत झालीय...’’

‘‘पाणी मार नुसतं. घासू नको.’’

‘‘आनि म्हशी?’’

‘‘घमेल्यात घाल त्यांना,’’ प्रीतल म्हणाली, आणि दुपारपासून पहिल्यांदा टेम्पोतली सगळी माणसं मोकळी हसली.

गव्हाण फणसाच्या एका जाड ओंडक्याची होती. चार गडी लागले ती टेम्पोत चढवायला. क्रुसासमोर नेऊन ठेवली, पेंढा म्हशींच्याच वाटणीचा घातला. तारा नव्हता, बर्फ नव्हता, मारिया-योसेफसुद्धा नव्हते. ते संग्रहालयाच्या गोदामात कुठेतरी होते. प्रीतलने घरून एक दिवा आणून वायर ओढली. वास यायचा तो येत होता.

मिस्सा सुटली तेव्हा गाव चर्चमधून सरळ तिथे आलं. फादरांनी पाणी शिंपडलं आणि बाजूला झाले. टीचर टोपली घेऊन पुढे उभ्या राहिल्या.

आग्नेल आला होता. कोट तोच. मिस्सेला तो शेवटच्या बाकावर बसला होता, आणि आता सवयीने, कोणी बोलावलं नसताना, गर्दीतून वाट काढत पुढे आला. पायातले बूट काढले. दोन्ही हात पुढे केले.

टीचरांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. मग गर्दीकडे पाहून वर्गात विचारत तसं विचारलं, ‘‘यंदा गोठा कोणाचा?’’

‘‘ज्युलीचा!’’ गावातून आलं.

ज्युली मावशी लुगड्याला हात पुसत पुढे आली. पुन्हा पुसले. मग बाळाला तिने वासराला उचलतात तसं, पोटाखाली हात घालून उचललं आणि पेंढ्यात ठेवलं. गाणं सुरू झालं. आग्नेलचे हात अजून पुढेच होते.

‘‘आग्नेल,’’ टीचर म्हणाल्या, ‘‘रांगेत ये.’’

तो बूट हातात घेऊन मागे गेला. रांग क्रुसापासून रस्त्यापर्यंत पोचली होती; त्याला शेवटून पाचवी-सहावी जागा मिळाली. एकेक माणूस येत होतं, वाकून बाळाच्या पायाला ओठ टेकत होतं, आणि गव्हाणीशी उभ्या टीचर प्रत्येकानंतर तो पाय कापसाने पुसत होत्या. चिमुकल्यांसाठी एकदा, मोठ्यांसाठी एकदा, फादरांसाठीही एकदाच.

आग्नेलची पाळी आली. तो वाकला, ओठ टेकवले, उठला. ‘‘बाय,’’ म्हणाला.

टीचरांनी कापूस बदलला. पाय एकदा पुसला. परत एकदा पुसला. मग त्याच्या मागच्या माणसाला म्हणाल्या, ‘‘हं, पुढे या.’’